सुती की पॉलिस्टर? एका टक्क्यावर अडणारे कापड

शर्टाच्या कापडात निम्मा कापूस आणि निम्मे पॉलिस्टर असेल, तर ते कापड सुती मानायचे की कृत्रिम धाग्याचे? दुकानात कापड निवडणाऱ्या ग्राहकाला या प्रश्नाचे फारसे सोयरसुतक नसते. बंदरावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याला मात्र त्याचे उत्तर दिल्याशिवाय कंटेनर सोडता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनी हे उत्तर ठरवून ठेवले आहे. असे कापड कृत्रिम धाग्याचे मानले जाते, आणि त्यामागचे कारण मोठे गमतीचे आहे. शुल्क तक्त्यात कापसाचे प्रकरण ५२ वे असून कृत्रिम आखूड तंतूंचे ५५ वे आहे. दोन घटकांचे वजन समसमान भरले, तर क्रमाने जे शेवटी येते ते ग्राह्य, असा संकेत आहे. कापसाचा वाटा अर्ध्या टक्क्याने वाढला की तेच कापड पुन्हा सुती ठरते.

वरकरणी हा कारकुनी तपशील वाटेल. परंतु आयात शुल्काचा दर, निर्यातीवर मिळणारा परतावा, मुक्त व्यापार करारातील सवलत आणि प्रसंगी दंड, या साऱ्या गोष्टी या तपशिलावर अवलंबून असतात. भारताने अलीकडच्या काळात कापडाच्या आयातीला आवर घालण्यासाठी जी पावले उचलली, तीही याच संकेतांकांच्या आधारे उचलली. त्यामुळे कापडाचे वर्गीकरण नेमके होते कसे आणि ते कोठे अडखळते, हे पाहणे आवश्यक ठरते.

आकड्यांची भाषा

जगातील २०० हून अधिक देश व आर्थिक प्रदेश मालाच्या वर्गीकरणासाठी एकच सामाईक पद्धत वापरतात. तिला व्यवहारात ‘एचएस’ प्रणाली म्हणतात. ब्रुसेल्स येथे मुख्यालय असलेली जागतिक सीमाशुल्क संघटना तिची देखभाल करते. १९८३ मध्ये या प्रणालीचा करार झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून ती अमलात आली. भारताने त्याआधीच, १९८६ मध्ये, आपला शुल्क तक्ता याच धर्तीवर आखून घेतला होता. अमेरिका १९८९ मध्ये या पद्धतीवर आली. पहिले सहा अंक सर्व देशांत सारखे असतात. पुढचे अंक प्रत्येक देश आपापल्या सोयीने जोडतो. भारतात हा संकेतांक आठ अंकी आहे, अमेरिकेत दहा अंकी.

विणलेल्या सुती कापडासाठी पाच शीर्षके आहेत. कापूस ८५ टक्के किंवा त्याहून अधिक आणि वजन चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंत असेल तर ५२०८, वजन त्यापेक्षा जास्त असेल तर ५२०९. कापूस सर्वाधिक असला तरी ८५ टक्क्यांहून कमी आणि त्याची भेसळ प्रामुख्याने कृत्रिम तंतूंशी असेल, तर हलके कापड ५२१० मध्ये आणि जड कापड ५२११ मध्ये जाते. उरलेले सारे, म्हणजे उदाहरणार्थ कापूस व लिनन यांचे मिश्रण, ५२१२ मध्ये. पॉलिस्टरचे प्रमाण कापसाहून जास्त झाले की कापड प्रकरणच बदलते. पॉलिस्टर आखूड तंतूंच्या स्वरूपात असेल तर ते ५५१३ किंवा ५५१४ मध्ये जाते. येथे वजनाची सीमारेषा २०० ग्रॅमची नसून १७० ग्रॅमची आहे, हे विशेष. पॉलिस्टर अखंड फिलामेंटच्या रूपात वापरलेले असेल, तर कापडाची रवानगी ५४०७ मध्ये होते. एवढ्यावर हे थांबत नाही. वीण साधी की ट्विल, कापड कोरे की धुवट, रंगवलेले की छापील, की रंगीत धाग्यांनी विणलेले, यावर पुढचे अंक ठरतात. भारतीय तक्त्याच्या शेवटच्या दोन अंकांत तर धोतर, साडी, शर्टिंग, केसमेंट आणि लुंगी यांचीही स्वतंत्र दखल घेतलेली आढळते.

सर्वाधिक कापूस, तरीही सुती नाही

मिश्र कापडाचा निवाडा कापडविषयक विभागाच्या दुसऱ्या टिपेनुसार होतो. ज्या तंतूचे वजन इतर कोणत्याही एका तंतूहून जास्त, त्याचेच सबंध कापड आहे असे मानायचे, हे तिचे मूळ सूत्र. ते सोपे वाटते. पण खरी मेख पुढच्या उपकलमांत आहे. आधी प्रकरण ठरवायचे आणि मग त्या प्रकरणातील शीर्षक, असा क्रम घालून दिलेला आहे. शिवाय ५४ व ५५ या दोन प्रकरणांचा तिसऱ्याशी सामना असेल, तर ती दोन्ही मिळून एकच प्रकरण मानायची.

याचा परिणाम एका उदाहरणावरून ध्यानात येईल. एखाद्या कापडात ४५ टक्के कापूस, ३० टक्के पॉलिस्टर आणि २५ टक्के व्हिस्कोस आहे. तिन्ही घटकांत कापूस सर्वाधिक. पण पॉलिस्टर आणि व्हिस्कोस दोन्ही मानवनिर्मित तंतू असल्याने त्यांची बेरीज ५५ टक्के होते आणि कापूस मागे पडतो. हे कापड ५५ व्या प्रकरणात जाते. तेथे पोचल्यावर पॉलिस्टर व व्हिस्कोस यांची आपसात तुलना होते, पॉलिस्टर जिंकते आणि कापड सिंथेटिक तंतूंचे, कापसाशी मिश्रित, असे नोंदले जाते. याच कापडाच्या शर्टावरील लेबलात घटक उतरत्या क्रमाने छापले, तर कापसाचे नाव सर्वांत वर येईल. लेबल पाहून संकेतांक भरणारा आयातदार येथे हमखास चुकतो, आणि त्याचा दोष पूर्णपणे त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

व्यापारातील बोली आणि कायद्याची भाषा यांतही अंतर आहे. भारतात ‘टेरिकॉट’ म्हणून ओळखले जाणारे ६७ टक्के पॉलिस्टर व ३३ टक्के कापसाचे कापड कायद्याच्या दृष्टीने सुती नाहीच. बाजारात ‘पीसी’ आणि ‘सीव्हीसी’ असे दोन शब्द सर्रास वापरले जातात. पीसी म्हणजे पॉलिस्टरबहुल मिश्रण, तर सीव्हीसी म्हणजे कापूसबहुल. सीव्हीसी हे ‘चीफ व्हॅल्यू कॉटन’चे लघुरूप. १९८९ पूर्वी अमेरिकेच्या जुन्या शुल्क तक्त्यात कोणत्या तंतूचे मूल्य अधिक, यावर कापडाची जात ठरत असे. नव्या प्रणालीत मूल्याची जागा वजनाने घेतली. कायदा बदलून साडेतीन दशके उलटली, तरी मूल्याची आठवण सांगणारा तो शब्द भिवंडीपासून शांघायपर्यंतच्या बिलांवर टिकून आहे.

कोट्याच्या काळातील धडा

टक्केवारीच्या सीमारेषा आखल्या की व्यापार त्या रेषांच्या कडेने वाहू लागतो, हा अनुभव नवा नाही. १९७४ पासून १९९४ अखेरपर्यंत जगाचा कापड व्यापार ‘मल्टी फायबर अरेंजमेंट’ या व्यवस्थेखाली चालत होता. श्रीमंत देश विकसनशील देशांच्या मालावर कोटा लावत. अमेरिकेने सुती मालाला ३०० च्या घरातील आणि कृत्रिम तंतूंच्या मालाला ६०० च्या घरातील क्रमांक दिले होते व प्रत्येक गटाची स्वतंत्र मर्यादा ठरवली होती. पण या व्यवस्थेत कापूस, लोकर आणि मानवनिर्मित तंतू एवढेच येत. रॅमी ही ताग-अंबाडीसारखी सालीपासून निघणारी वनस्पती तिच्या कक्षेबाहेर होती.

एरवी फारसे कोणी न विचारणारी रॅमी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात एकाएकी अमेरिकी बाजारात अवतरली. हाँगकाँग व चीनमधून ५५ टक्के रॅमी आणि ४५ टक्के कापूस अशा मिश्रणाचे स्वेटर मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले. ग्राहकांना रॅमी आवडू लागली होती, अशातला भाग नाही. ती निम्म्याहून अधिक असली की कोटा लागू होत नसे, एवढाच तिचा गुण. अखेर १९८६ मध्ये व्यवस्थेच्या चौथ्या आवृत्तीत रॅमी, लिनन आणि रेशीमयुक्त मिश्रणे कक्षेत आणली गेली. यात बेकायदा काही नव्हते. नियमांनी जी वाट मोकळी ठेवली, त्या वाटेने माल गेला.

कोट्याची पद्धत १९९५ पासून टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली आणि १ जानेवारी २००५ रोजी संपली. सीमारेषांचे राजकारण मात्र संपले नाही. ते कोट्याकडून शुल्काकडे सरकले.

भारतातील आवृत्ती

या शतकाच्या आरंभापासून भारताने अनेक विणलेल्या कापडांवर ‘अमुक टक्के किंवा चौरस मीटरमागे अमुक रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते’ अशा स्वरूपाचे शुल्क वापरले. किंमत कमी दाखवून शुल्क वाचवण्याच्या प्रकाराला त्यामुळे आळा बसतो, हा हेतू. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने ३२८ वस्त्रोत्पादनांवरील आयात शुल्क १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेले. अशा प्रत्येक निर्णयाबरोबर एका संकेतांकाचा दर वाढतो आणि शेजारच्या संकेतांकाचा तसाच राहू शकतो. मग शेजारचा संकेतांक आकर्षक वाटू लागतो.

विणलेल्या कापडाच्या शेजारघरी, निटेड कापडाच्या बाबतीत, हे नुकतेच स्पष्ट दिसले. मार्च २०२४ मध्ये कृत्रिम धाग्याच्या निटेड कापडाच्या पाच संकेतांकांवर किलोमागे साडेतीन डॉलरची किमान आयात किंमत लादण्यात आली. वर्ष सरण्याच्या आत आणखी आठ संकेतांक त्या यादीत घालावे लागले. पुढे फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात निटेड कापडाच्या नऊ शुल्क ओळींवर ‘२० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, जे अधिक असेल ते’ असे शुल्क जाहीर झाले. एक छिद्र बुजवले की दुसऱ्यावर बोट ठेवायचे, असा हा खेळ आहे. देशी उत्पादकांची तक्रार खोटी नाही. कवडीमोल किमतीचा माल बाजारात आला की यंत्रमागवाला भरडला जातोच. परंतु संकेतांकांच्या यादीने ही लढाई लढायची ठरवली, की यादी लांबतच जाणार.

युरोपीय संघाने मिश्र कापडाच्या बाबतीत वेगळी वाट धरलेली दिसते. तेथे विणलेल्या सुती कापडावर आणि सिंथेटिक तंतूंच्या विणलेल्या कापडावर सर्वसाधारण शुल्क बहुतांशी सारखेच, ८ टक्के, आहे. त्यामुळे ५१ टक्के कापूस की ४९ टक्के, या वादातून आयातदाराच्या हाती फारसे काही लागत नाही. अमेरिकेत स्थिती नेमकी उलट. तेथील मूळ तक्त्यात सुती डेनिमवर ८.४ टक्के, तर पॉलिस्टरबहुल हलक्या, साध्या विणीच्या कोऱ्या अथवा धुवट कापडावर १४.९ टक्के दर आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने देशनिहाय अतिरिक्त शुल्काची जी लाट आणली, ती या मूळ दरांच्या वरची होती. दरांतील अंतर जितके मोठे, तितकी सीमारेषेवर गर्दी जास्त, हा साधा हिशेब आहे. वाद कमी करायचे असतील तर तपासनीस वाढवण्यापेक्षा दरांतील अंतर कमी करणे अधिक परिणामकारक ठरेल. देशांतर्गत करात भारताने ते काही अंशी केलेही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मानवनिर्मित तंतूंवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणि त्यांच्या सुतावरील १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सीमेवर मात्र तशी सरळ रेषा आखली गेलेली नाही.

प्रयोगशाळेतील टक्का

टक्केवारी ठरवायची कशी, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. कापूस व पॉलिस्टर वेगळे करण्याची रूढ पद्धत रासायनिक आहे. तीव्र गंधकाम्लात कापूस विरघळतो, पॉलिस्टर उरते. उरलेले वजन मोजून प्रमाण काढले जाते. पण कापूस हवेतील ओलावा शोषून घेतो आणि पॉलिस्टर जवळजवळ घेत नाही. व्यापारात कापसासाठी ८.५ टक्के आणि पॉलिस्टरसाठी ०.४ टक्के ओलावा धरण्याची प्रथा आहे. भट्टीत पूर्ण वाळवलेल्या नमुन्यात दोन्ही घटक नेमके ५०-५० निघाले आणि मग हा ओलावा हिशेबात धरला, तर कापसाचे प्रमाण सुमारे ५१.९ टक्के होते. म्हणजे कोरड्या वजनाने जे कापड ५५ व्या प्रकरणात जाईल, ते ओलाव्यासह ५२ व्या प्रकरणात येऊन बसते. अहवालात प्रमाण कोणत्या आधारावर काढले हे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर दोन प्रयोगशाळा प्रामाणिकपणे दोन उत्तरे देऊ शकतात.

लेबलाच्या कायद्यांनी हे वास्तव मान्य केले आहे. युरोपीय संघ आणि अमेरिका, दोन्ही ठिकाणी कपड्याच्या लेबलावरील तंतूंच्या प्रमाणात ३ टक्क्यांपर्यंतची तफावत चालते. शुल्क तक्त्याच्या टिपांत अशी मुभा लिहिलेली नाही. तेथे ८५ म्हणजे ८५. वजनाचेही तेच. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाच्या ताण्याला खळ लावलेली असते. धुलाईत ती निघून गेली की वजन घटते, कापड आटले की चौरस मीटरमागचे वजन पुन्हा वाढते. माल ज्या अवस्थेत सीमेवर हजर होतो त्या अवस्थेत त्याचे वर्गीकरण करायचे, हे तत्त्व असल्याने २०० ग्रॅमच्या आसपासच्या कापडाचा संकेतांक एका प्रक्रियेने बदलू शकतो.

इचलकरंजी किंवा मालेगावच्या यंत्रमागधारकाच्या बाबतीत हा प्रश्न मागावरच सुरू होतो. ताण्याला ६५ टक्के पॉलिस्टर व ३५ टक्के कापसाचे सूत आहे आणि कापडाच्या एकूण वजनात ताण्याचा वाटा ६० टक्के आहे, असे समजू. बाण्याला शुद्ध सुती धागा टाकला तर कापडात कापूस ६१ टक्के भरतो. बाण्याला ६० टक्के कापसाचे सीव्हीसी सूत टाकले, तर तोच कापूस ४५ टक्क्यांवर येतो आणि कापड सुती राहत नाही. बाजारात सुताचा भाव फिरला म्हणून बाणा बदलणाऱ्या मागवाल्याला आपण शुल्क तक्त्याचे प्रकरण बदलले, याची कल्पनाही नसते. ते कापड निर्यातदाराकडे जाते आणि मागच्या खेपेचा संकेतांक नव्या बिलावर जसाच्या तसा उतरवला जातो.

डेनिमची कथा आणखी वेगळी. तक्त्यानुसार डेनिम म्हणजे तीन किंवा चार धाग्यांच्या ट्विल विणीचे, ताणा वर दिसणारे कापड. त्याचा सारा ताणा एकाच रंगाचा हवा आणि बाणा कोरा, धुवट, राखाडी अथवा ताण्याच्याच रंगाची फिकट छटा असलेला हवा. ताणा व बाणा दोन्ही सारखेच गडद काळे असलेले जीन्सचे कापड, दुकानदार त्याला काहीही म्हणो, या व्याख्येत बसत नाही. उलट दोन टक्के इलॅस्टेन घातलेले ताणले जाणारे कापड, उरलेला ९८ टक्के कापूस असल्याने, निवांतपणे सुती डेनिमच राहते.

जबाबदारी कोणाची?

भारतात २०११ पासून स्वयंमूल्यांकनाची पद्धत आहे. संकेतांक आणि शुल्क आयातदाराने स्वतः भरायचे, विभागाने नंतर तपासायचे. शंका आल्यास नमुना काढून प्रयोगशाळेकडे धाडला जातो. हमीपत्रावर तात्पुरते मूल्यांकन करून माल सोडण्याची सोय कायद्यात आहे. तरीही न्हावाशेवा बंदरात कंटेनर अडकला, की विलंबाचे भाडे दिवसागणिक चढत जाते. कमी भरलेल्या शुल्काची मागणी साधारण दोन वर्षांपर्यंत करता येते. हेतुपुरस्सर खोटी माहिती दिल्याचा आरोप असेल, तर ही मुदत पाच वर्षांची होते आणि दंडही लागतो. ५२ आणि ५५ यांतील वाद हा मतभेद की लबाडी, यावर त्यामुळे बरेच काही अवलंबून असते. वर्गीकरण बदलायचे असल्यास ते सिद्ध करण्याची जबाबदारी महसूल विभागाची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या हिंदुस्तान फेरोडो खटल्यात स्पष्ट केले होते. पण न्यायालयाच्या दारापर्यंत जाण्याची ऐपत किती छोट्या आयातदारांची असते? बहुतेकांना शुल्कातील फरक भरून माल सोडवून घेणेच परवडते.

मोठ्या कंपन्यांकडे स्वतःच्या चाचणी व्यवस्था आणि करतज्ज्ञ असतात. छोट्यांसाठी मुंबईत वस्त्र समिती, घाटकोपरची बीटीआरए आणि वरळीची सस्मिरा या संस्थांच्या प्रयोगशाळा आहेत. नमुन्याची चाचणी करून घेण्याचा खर्च अडकलेल्या कंटेनरच्या भाड्यापुढे किरकोळ ठरतो. तरीही चाचणीसाठी धाव घेतली जाते ती बहुधा नोटीस आल्यावर. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हे संकेतांक आयात-निर्यातीशी संबंध नसलेल्या व्यापाऱ्याच्या बिलावरही आले. एप्रिल २०२१ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना सहा अंक लिहावे लागतात. बिलावर छापलेला हा संकेतांक पुढे निर्यातीच्या कागदपत्रांत शिरतो आणि ‘रोडटेप’ योजनेतील परताव्याचा दरही त्यावरून ठरतो. मूळ बिलातील चूक अशी तीन-चार हात फिरून बंदरावर उघडकीस येते.

वाद टाळण्याचा एक मार्ग कायद्याने खुला ठेवला आहे. माल मागवण्यापूर्वीच सीमाशुल्काच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे नमुन्याच्या तपशिलासह अर्ज करता येतो. २०२१ पासून मुंबई आणि दिल्ली येथे ही प्राधिकरणे काम करीत आहेत. त्यांचा निर्णय अर्जदारावर आणि विभागावर बंधनकारक असतो. २०२२ च्या वित्त कायद्याने त्याची मुदत तीन वर्षे ठरवली. त्याआधी कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली तर तो तेव्हाच संपुष्टात येतो. एचएस प्रणालीची पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून अमलात येणार आहे. आज निर्णय घेऊन ठेवणाऱ्यांना आपला संकेतांक त्या दिवशी नव्या तक्त्याशी पुन्हा एकदा ताडून पाहावा लागेल.